‘ते कुठल्या पक्षाचे?’ : गोव्यातल्या पत्रकार-कार्यकर्त्याची नोंद लिहायची रीत

एखाद्या पुरोगामी पत्रकाराची नोंद लिहायला बसलात की लोक पहिल्यांदा विचारतात ते एवढंच: ते कुठल्या पक्षाचे? हा प्रश्न शेवटी घ्यायचा. आधी घेतलात तर पुढचा सगळा शोध त्या एका उत्तराला पुरावे जमवण्यात जातो. गोव्यात तर हे हमखास होतं. माणूस मगोवाला (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा) की काँग्रेसवाला, गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणणारा विलीनीकरणवादी की विरोधी, एवढं कळलं की आपल्याकडे पुरे होतं. बाकीचा माणूस कोणी बघत नाही.

माझं आयुष्य पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत गेलं. मृत्युलेख लिहायचं काम तिथे कुणालाच नको असे, म्हणून ते माझ्या टेबलावर येऊन पडे. बातमी रात्री साडेदहाला यायची, पान साडेअकराला सोडायचं. तेवढ्यात घरच्यांना फोन, कात्रणांचं पाकीट, जुन्या कंपोझिटरला हाक. त्यातून एक रीत बसली. आता आमच्या फोंडा महालातल्या वाचनालयाची पोरं अशा नोंदी करतात, त्यांना मी तीच शिकवतो. उदाहरणाला गोव्याच्या मुक्तिलढ्यातले लेखक-कार्यकर्ते डॉ. टी. बी. कुन्हा घेतो. त्यांच्यावर सगळ्यांचाच हक्क आहे, आणि प्रत्येकजण आपापल्या सोयीचा अर्धा माणूस उचलून नेतो.

आधी एक लांब रजिस्टर घ्या, हिशेबाचं असतं तसं. चार रकाने पाडा: साल, संस्था किंवा वृत्तपत्र, नातं, पुरावा. यातला तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच गाळतात. नातं म्हणजे काय होतं ते स्पष्ट लिहायचं. संस्थापक? पदाधिकारी? वर्गणी भरणारा सदस्य? नुसता लेखक? एका सभेत व्यासपीठावर बसलेला पाहुणा? की मेल्यावर ज्यांनी फोटोला हार घातला त्यांचा? ‘संबंधित होते’, ‘निगडित होते’ असले शब्द त्या रकान्यात येऊ द्यायचे नाहीत. कुणी लिहून आणलं तर मी पान परत करतो.

मग नाव पक्कं करा. कुन्हांचं पूर्ण नाव त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा. मराठी पत्रांत ते कधी ‘टी. बी. कुन्हा’, कधी ‘त्रिस्तांव ब्रागांझ’, कधी नुसतेच ‘डॉ. कुन्हा’. पोर्तुगीज राजेशाहीवर इंग्रजीत लिहिणारे व्ही. द ब्रागांझा कुन्हा हे लेखक वेगळे. सूचीत ‘ब्रागांझा कुन्हा’ एवढंच शोधलंत तर एकाचं लेखन दुसऱ्याच्या खात्यात जातं. संस्था आणि वृत्तपत्रांच्या नावांचंही तेच. ‘गोमंतक’ म्हटलं की आपल्याला १९६२ साली पणजीत सुरू झालेलं दैनिक आठवतं. पण असोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी त्याआधी मुंबईतून ‘गोमंतक’ नावाचंच साप्ताहिक काढलं होतं. एखाद्याच्या आठवणीत ‘मी गोमंतकात लिहायचो’ असं वाक्य आलं की आधी साल बघा, मग गाव.

आता कुन्हांचं रजिस्टर भरू. जन्म २ एप्रिल १८९१, चांदोरचा. शिक्षणासाठी पाँडिचेरी, तिथून १९१२ मध्ये पॅरिस, तिथे विजेची इंजिनिअरिंग. या काळात ते फ्रेंच नियतकालिकांत लिहू लागले: ‘ल्युमानिते’, ‘क्लार्ते’. इथेच बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. ‘ल्युमानिते’ म्हणजे फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र, म्हणून कुन्हा कम्युनिस्ट, असं दोन ओळींत उरकलं जातं. पण ‘ल्युमानिते’ काढलं जाँ जोरेस यांनी, १९०४ साली, आणि ते समाजवाद्यांचं पत्र होतं. फ्रेंच समाजवादी पक्ष तूरच्या अधिवेशनात फुटला तो डिसेंबर १९२० मध्ये. त्यानंतर ते पत्र कम्युनिस्टांकडे गेलं. म्हणजे तिथल्या लेखाची तारीख १९२० च्या आधीची की नंतरची, यावर रकान्यात काय लिहायचं ते ठरतं. आणि नंतरची असली तरी नात्याच्या रकान्यात शब्द एकच येईल: लेखक. वृत्तपत्रालाही आयुष्य असतं, तेही बाजू बदलतं. माणूस त्या पत्रात ज्या दिवशी लिहीत होता त्या दिवशी ते पत्र कुणाचं होतं, हे बघायचं.

१९२६ मध्ये कुन्हा गोव्यात परतले. आसामच्या चहामळ्यांसाठी कुणबी मजूर नेले जात होते, त्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. ही ओळ मी मुद्दाम ठळक लिहायला लावतो. पक्षांच्या याद्या करताना असलं काम कुठल्याच रकान्यात बसत नाही आणि गळून जातं. खरं तर एखादा पत्रकार कुणाच्या बाजूचा होता हे सभासदपावतीपेक्षा अशा कामातून जास्त कळतं. म्हणून आमच्या वहीत संस्थेच्या रकान्यात कधीकधी संस्थाच नसते, ‘कुणबी मजूर’ असं लिहिलेलं असतं.

१९२८: गोवा काँग्रेस कमिटी. नातं: संस्थापक. त्याच वर्षअखेरीच्या कलकत्ता अधिवेशनात तिला अखिल भारतीय काँग्रेसची संलग्नता मिळाली. पुढची ओळ मात्र लोक लिहीतच नाहीत. १९३४ मध्ये काँग्रेसने ही संलग्नता काढून घेतली, कारण गोवा परकीय सत्तेखालचा मुलूख. आता सांगा, १९३५ साली कुन्हा ‘काँग्रेसचे’ होते का? त्यांनी पक्ष सोडला नव्हता, पक्षानेच दार लावून घेतलं होतं. म्हणून प्रत्येक नात्याला सुरुवातीच्या तारखेबरोबर शेवटची तारीखही हवी, आणि कुणी कुणाला सोडलं तेही.

१९४४: ‘डिनॅशनलायझेशन ऑफ गोवन्स’ ही पुस्तिका. १८ जून १९४६: मडगावची लोहियांची सभा. १२ जुलै १९४६: कुन्हांना अटक, मग लष्करी न्यायालयापुढे खटला, आठ वर्षांची शिक्षा आणि रवानगी पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात. या तारखा पाठ असल्या की एक मोठा घोळ आपोआप टळतो. ऑगस्ट १९४६ मध्ये लोंढ्याला ‘नॅशनल काँग्रेस (गोवा)’ स्थापन झाली. नावात काँग्रेस, विषय गोवा, म्हणून काही जण १९२८ च्या कमिटीची आणि हिची एकच गाठ मारतात आणि कुन्हांना लोंढ्याच्या संस्थापकांत बसवतात. लोंढ्याला सभा भरली तेव्हा कुन्हा अटकेत होते. सालं शेजारी शेजारी मांडली की हे दिसतं. नुसती संस्थांची नावं मांडली तर दिसत नाही.

लोहियांचंही तसंच. ते काँग्रेस समाजवादी गटाचे, आणि त्या दिवशी मडगावात त्यांच्याबरोबर होते ज्युलियांव मिनेझिस, ज्यांचं गोमंतक प्रजा मंडळ १९३९ चं. पण १८ जूनला भाषण ऐकायला आलेला प्रत्येकजण समाजवादी ठरत नाही. त्या दिवशी मडगावात असलेल्या पत्रकाराच्या नातवाने ‘आजोबा लोहियांचे समाजवादी’ असं सांगितलं तर रजिस्टरात लिहायचं: ‘१८ जून १९४६ च्या सभेला हजर, घरच्यांची आठवण.’ तेवढंच. नातू नाराज होईल, होऊ दे.

१९५३ मध्ये कुन्हा पॅरिसमार्गे मुंबईला आले. गोवा अ‍ॅक्शन कमिटी आणि ‘फ्री गोवा’ हे पाक्षिक या काळातलं. २६ सप्टेंबर १९५८ ला मुंबईत निधन. १९५९ मध्ये जागतिक शांतता परिषदेने त्यांना मरणोत्तर पदक दिलं. ही परिषद डाव्यांची म्हणून ओळखली जायची. तरी पदकाची नोंद नात्याच्या रकान्यात नाही करायची. मेलेला माणूस कुठे सामील होत नाही. ती वेगळ्या पानावर: ‘पुढे कुणी आपला म्हटलं’. त्या पानावर पणजीच्या आझाद मैदानातलं स्मारकही येतं, आणि १९६१ साली मुंबईच्या स्मारक समितीने काढलेला त्यांच्या लेखांचा संग्रहही. संग्रह जरूर वाचा, पण निवड सोबत्यांनी केलेली आहे हे डोक्यात ठेवून. कुठला लेख आत घेतला आणि कुठला नाही, हेही राजकारणच असतं.

अख्खी कुंडली मांडून झाली तरी ‘पक्ष’ या शब्दापुढे एकच नाव टाकता येत नाही. ते तसंच ठेवा.

पुरावा कुठे शोधायचा? पहिली वाट पणजीची. पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. याची मुळं १८३२ पर्यंत जातात, आणि जुनी वृत्तपत्रं बघायला गोव्यात याहून चांगली जागा नाही. तिथे गेलात की थेट त्या माणसाचे लेख शोधू नका. आधी पत्राचं पहिलं आणि शेवटचं पान बघा, नाव कुणाचं छापलंय ते टिपा. पोर्तुगीज पत्रांत ‘दिरेक्तोर’ हा आपला संपादक, ‘रेदाक्तोर’ हा लिहिणारा, आणि ‘एदितोर’ हा बहुधा कायद्याने जबाबदार धरलेला प्रकाशक. ‘एदितोर’ दिसला की संपादक लिहून मोकळे होणारे खूप आहेत. पोर्तुगीज येत नसेल तरी एवढे तीन शब्द आणि महिन्यांची नावं शिकून घ्या, निम्मं काम होतं.

मुक्तीनंतरच्या पत्रांसाठी एक खूणगाठ सांगतो, ती फार थोड्यांना ठाऊक असते. मार्चच्या पहिल्या आठवड्याचे अंक काढा. फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात प्रत्येक वृत्तपत्राला मालकीचं निवेदन छापावं लागे, नमुना क्रमांक ४. मालक कोण, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, एक टक्क्याहून जास्त भाग कुणाकडे, सगळं त्यात. आतल्या पानावर, निविदांच्या आणि ‘नावात बदल’च्या जाहिरातींमध्ये बारीक टायपात दडलेलं असतं. गोव्यातली बरीच मोठी दैनिकं खाणमालक घराण्यांनी काढली, त्यामुळे हे पान बघितल्याशिवाय तिथल्या संपादकाच्या भूमिकेबद्दल लिहू नये. अग्रलेख कुणाचा आणि धोरण कुणाचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खाणीवरचा एखादा मजूर-मोर्चा आतल्या पानावर दोन परिच्छेदांत का उरकला, याचं उत्तर बऱ्याचदा नमुना ४ मध्ये सापडतं.

पोर्तुगीज काळात आणखी एक अडचण: सेन्सॉर. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यातल्या पत्रात जे छापून आलं ते तपासून आलेलं. म्हणजे एखाद्या पत्रकाराची गोव्यात छापलेली वाक्यं मवाळ दिसली म्हणून तो मवाळ होता असं नाही. त्याच माणसाने मुंबईत किंवा बेळगावात काय छापलं ते शेजारी ठेवा. कधी पत्र बंद पडलं हाच पुरावा असतो. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं घ्या, हे कुन्हांचे मेहुणे, बहिणीचे यजमान. १९०० साली मेस्सियस गोमिश यांच्या ‘ओ हेराल्दो’त ते होते, १९११ मध्ये ‘ओ देबात’, १९२८ मध्ये ‘प्रकाश’, आणि १९३७ मध्ये सरकारने ‘प्रकाश’ बंद पाडलं. ४ जुलै १९३० ला विधिमंडळात सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध, स्वयंनिर्णयाच्या बाजूने ठराव मांडला तोही त्यांनीच. पक्षाचा रकाना या माणसापुढे जवळजवळ रिकामा राहतो, आणि तरी त्या पिढीत त्यांच्याइतका राजकीय पत्रकार दुसरा दाखवा. आपल्या मराठीतले केपेंचे ‘भारत’कार गोविंद पुंडलिक हेगडे देसाई घ्या: त्यांची ओळख पक्षाने नाही, पत्रानेच झाली. आजही लोक त्यांना ‘भारतकार’ म्हणतात.

पोलीस आणि न्यायालयाचे कागद मिळाले तर सोनं, पण पिवळं दिसतं ते सगळं सोनं नव्हे. पोर्तुगीज पोलिसांनी ‘कोमुनिस्त’ लिहिलं म्हणजे त्यांना तो माणूस तसा वाटला, एवढंच सिद्ध होतं. शिक्षेची तारीख, तुरुंगाचं नाव, खटल्याचा प्रकार हे त्या कागदातून घ्या. विचारसरणी घेऊ नका. गॅझेटिअर विभागाने १९८६ मध्ये काढलेला स्वातंत्र्यसैनिकांचा परिचयकोश तारखांच्या पडताळणीला उपयोगी. त्यातली चरित्रं मात्र थोडक्यात आहेत आणि गौरवाच्या सुरातली.

आता आपल्याकडचा सगळ्यात नाजूक विषय. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. फूल (विलीनीकरणाच्या बाजूचं चिन्ह) की दोन पानं (विरोधाचं). गोव्यातल्या कुठल्याही ज्येष्ठ मराठी पत्रकाराची नोंद लिहा, इथे येऊन हात थबकतोच. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं, बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा, आणि त्या फरकावर घराघरांतली भांडणं अजून संपलेली नाहीत. नव्या पोरांना वाटतं, मराठी पत्र म्हणजे विलीनीकरणवादी. मग त्यांना मडगावचं ‘राष्ट्रमत’ दाखवावं लागतं. मराठी दैनिक, संपादक चंद्रकांत केणी, आणि भूमिका विलीनीकरणाच्या कडक विरोधात. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच यायचं. भेंब्रे पुढे १९८४ मध्ये मडगावमधून अपक्ष आमदार झाले. म्हणजे लिहिण्याची भाषा, राज्याबद्दलची भूमिका आणि निवडणुकीतला पक्ष, या तीन वेगळ्या गोष्टी. तिघींना तीन ओळी द्या. एका ओळीत कोंबल्या की वाचणारा आपल्या मनातलं तिथे वाचतो.

जुन्या माणसांकडे जाताना पेपराचा जुना अंक नाही तर फोटो हातात हवा. ‘त्यांच्याबद्दल सांगा’ म्हटलं की माणसं भाषण करतात. ‘आबा, हा अंक कुणी लावला होता?’ म्हटलं की सांगू लागतात. एकदा म्हापशाकडच्या एका म्हाताऱ्या खिळेजुळाऱ्याला मी एका संपादकाबद्दल विचारलं, ते कम्युनिस्ट होते का म्हणून. ते अंकावरचा टाईप बोटाने चाचपत होते. वर न बघताच म्हणाले, "तो पक्षाचो न्हय, तो पेपराचो." मग त्यांनी सांगितलं की संप झाला तेव्हा हे संपादक कामगारांच्या बाजूने मालकाशी भांडले, आणि त्या महिन्याचा त्यांचाही पगार अडकला. हे कुठल्या पुस्तकात सापडणार? पण नोंद करताना मी तेही ‘एका कामगाराची आठवण’ म्हणूनच लिहिलं. दुसरा दुजोरा मिळेपर्यंत ती आठवण आहे, घटना नव्हे.

घरच्यांशी बोलताना सावध राहा. बाईमाणूस पडद्याआड बसलेली असते आणि तिलाच सगळं ठाऊक असतं. वहिनी, काकी, मावशी जे काही असेल त्यांना आदराने विचारा: पोलीस आले तेव्हा कागद कुठे लपवले, महिनाअखेरीला घर कसं चालायचं, कोण कोण जेवायला यायचं. शेवटचा प्रश्न फार कामाचा. ज्या घरात रोज चार पाहुणे जेवत त्या पाहुण्यांची नावं लिहा, पत्रकाराचं राजकारण तिथे उघडं पडतं. आणि कुन्हांच्या घराण्यातली बायकांची बाजूही विसरू नका: त्यांची भाची बेर्ता मिनेझिस ब्रागांझा स्वतः पत्रकार होत्या. बापाचं, मामाचं लिहायचं आणि लेकीला ‘कन्या’ म्हणून कंसात टाकायचं, ही आपली जुनी खोड.

नोंद लिहायला बसाल तेव्हा विशेषणं आधी काढा. ‘निर्भीड’, ‘लढवय्ये’, ‘झुंजार’ हे शब्द मी मृत्युलेखांत इतके वापरलेत की त्यांचा रंग उडाला. त्याजागी क्रियापद ठेवा: पत्र काढलं, बंद पडलं, पुन्हा काढलं, अटक झाली, परत आले. कुन्हांपुरतं वाचनालयाच्या भिंतीसाठी आम्ही हे तयार केलं, हवं तर जसंच्या तसं घ्या:

‘त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा (१८९१-१९५८). पॅरिसच्या डाव्या नियतकालिकांतून लेखन. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटीची स्थापना. १९३४ मध्ये काँग्रेसने तिची संलग्नता काढली. आसामला नेल्या जाणाऱ्या कुणबी मजुरांसाठी लढा. १९४६ मध्ये अटक, लष्करी न्यायालयाकडून आठ वर्षांची शिक्षा, पेनिशचा तुरुंग. १९५३ नंतर मुंबईत गोवा अ‍ॅक्शन कमिटी आणि ‘फ्री गोवा’.’

खाली पक्षाचं चिन्ह लावायचा आग्रह होईल. कोणत्या तरी कार्यकर्त्याच्या खिशात ते तयारच असतं. लावू देऊ नका.

जिवंत माणसाची नोंद असेल तर छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. तारीख चुकली असं ते म्हणाले तर कागद मागा आणि दुरुस्त करा. ‘हे गाळा’ म्हणाले आणि तो मजकूर घरगुती असला तर गाळा, सार्वजनिक आणि छापील असला तर नम्रपणे नाही म्हणा. अंकाची तारीख आणि पान दाखवलंत की बहुतेक माणसं ऐकतात. रजिस्टरची एक झेरॉक्स वाचनालयात, एक त्या घरात. प्रत्येक पानाची डावी बाजू कोरी सोडा. पुढच्या वर्षी कुणीतरी ट्रंक उघडतो, आणि मग लिहायला जागा उरत नाही.